घोंगडी आणि अर्ज



आम्हा ख्रिस्ती माणसांना सेवा वेगळी शिकवावी लागत नाही. दवाखाना, शाळा, अनाथाश्रम हे शब्द आमच्या नावाला चिकटलेलेच आहेत. न्यायाचा विषय निघाला की मात्र आमच्यातले पुष्कळजण घसा खाकरतात. ‘ते राजकारण झाले,’ म्हणतात.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या, तीनशेच्या आसपास. पुण्याजवळ केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभे राहिले. तिथे पोरींना नुसते जेवूखाऊ घातले नाही. विणकाम, शेती, छापखान्यात खिळे जुळवणे, अंध स्त्रियांना ब्रेल, असे सगळे शिकवले. खिळे जुळवता येणाऱ्या मुलीला पोटासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही.

इतके आपण बहुतेकांनी वाचलेले असते. त्याच वर्षीची दुसरी हकिगत मात्र फारशी सांगितली जात नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. सरकारच्या प्लेग इस्पितळात बायका सुरक्षित नाहीत, असे रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्राला उघडपणे लिहून कळवले. त्यांच्याच आश्रमातली एक मुलगी तिथे नेली गेली होती, ती परत आलीच नाही. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोचले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले.

राज्यकर्ते ख्रिस्ती, रमाबाईही ख्रिस्ती. आश्रमाचा बराचसा पैसा परदेशातल्या ख्रिस्ती लोकांकडून येणारा. इकडे धर्मांतरामुळे पुण्यातले जुने हितचिंतक दुरावलेले. गप्प बसणे किती सोयीचे होते! पण त्या मुलीसाठी प्रार्थना करून त्या थांबल्या नाहीत. तिचे काय झाले, हे त्यांनी विचारले, आणि सत्ता ज्यांच्या हाती होती त्यांनाच विचारले.

आमच्या मंडळीत दर नाताळात घोंगड्या वाटतात. रांगेत तेच चेहरे दिसतात. दोन वर्षांपूर्वी एका तरुण मुलीने घोंगडी देता देता प्रत्येकाला रेशनकार्ड आहे का, म्हणून विचारले. बहुतेकांकडे नव्हते. वडीलधाऱ्यांपैकी एक म्हणाले, ‘सणाच्या दिवशी हे कशाला?’ तिने तरी वही काढून नावे लिहून घेतली. आता आम्ही काहीजण अर्ज भरून देतो, कचेरीत हेलपाटे घालतो. नऊ घरांना कार्डे मिळाली. बाकीच्यांना राहत्या जागेचा पुरावा मागतात, आणि ती माणसे राहतात पुलाखाली. येत्या मंगळवारी पुन्हा जायचे आहे.