बेल वाजवली, की दुधात माती टाकली?

‘स्लेजिंग’ हा शब्द क्रिकेटच्या समालोचनात आता इतका रुळलाय, की मैदानावर कुणी कुणाची आई-बहीण काढली तरी ‘जरा स्लेजिंग झालं’ एवढ्यावर भागतं. प्रस्तुत वक्त्याचं दुखणं ते हेच.

शब्द ऑस्ट्रेलियाचा. तिथले माजी कर्णधार इयन चॅपेल यांच्या सांगण्यानुसार, साठच्या दशकात ॲडलेडला एका खेळाडूनं बाईमाणसासमोर शिवी हासडली. स्लेजहॅमर म्हणजे घण. ‘घणाइतका नाजूक’ म्हणून त्याची टर उडवली गेली आणि गायक पर्सी स्लेजवरून त्याला ‘पर्सी’ हे नाव चिकटलं. असभ्यपणाला हिणवायला निघालेला शब्द आज त्यावरच पांघरूण घालतो!

फलंदाजाची एकाग्रता म्हणजे गॅसवरचं दूध. नजर हटली की उतू गेलंच. स्लेजिंग करणारा फक्त दाराची बेल वाजवतो, दुधाला हात लावत नाही. २०१८च्या मेलबर्न कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या टिम पेननं फलंदाजी करणाऱ्या ऋषभ पंतला विचारलं, मुलं सांभाळशील का, म्हणजे बायकोला सिनेमाला नेता येईल. ही बेल. पंतनंही पेनला हंगामी कर्णधार म्हणून उलट बेल वाजवली, आणि नंतर त्याच्याच मुलांसोबत फोटो काढून घेतला.

आता तेच मैदान, १९८१. डेनिस लिलीच्या चेंडूवर सुनील गावसकर ७० धावांवर पायचीत. चेंडू बॅटला लागल्याचं ते दाखवत राहिले. परतताना कानावर घाणेरडे शब्द पडले, तसे ते मागे फिरले आणि साथीदार चेतन चौहानांनाही घेऊन निघाले. सीमारेषेवर व्यवस्थापक शाहिद दुराणींनी चौहानांना माघारी धाडलं, म्हणून सामना वाचला. भारतानं तो ५९ धावांनी जिंकला. मैदान सोडण्याचं खापर लोकांनी पंचांवर फोडलं. गावसकरांनी नंतर सांगितलं, कारण ती शिवीगाळ होती.

इथं नीट लक्ष द्यायला हवं. फलंदाज बाद झाला होता, दूध गॅसवरून उतरलं होतं. मग बेल कुणासाठी? ती शिवी म्हणजे दुधात टाकलेली मातीच.

श्रोत्यांच्या कानावरून निसटलं असेल, तर पुन्हा: बेल वेगळी, माती वेगळी. वंशावरून केलेल्या शेरेबाजीसाठी आयसीसीनं निराळी संहिता केली, तीही याच कारणानं.

आणि शिवाजी पार्कवरचा तो बारा वर्षांचा यष्टिरक्षक! शिवी देतो, प्रशिक्षकानं कान धरला की म्हणतो, ‘सर, स्लेजिंग होतं.’ त्याला काय सांगायचं, याचं टिपण समोर आहे, पण बातम्यांची वेळ झाली.