निशाण, बावटा आणि ढालगज

श्रोतेहो, पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. दादरच्या एका शाळेत मी मराठी शिकवत होतो. सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. प्रश्न कोणालाही विचारा, उत्तर तीच देणार. भांडण कोणाचेही असो, पुढे तीच येणार. एकदा वैतागून मी म्हणालो, "काय ढालगज भवानी आहेस गं!" सगळा वर्ग हसला. ती मात्र हसली नाही. तास संपल्यावर टेबलापाशी येऊन तिने विचारले, "सर, ढालगज म्हणजे काय?"

खरं सांगतो, मला सांगता येईना. शब्द लहानपणापासून कानावर होता, तोंडात होता. अर्थ कधी पाहिलाच नव्हता. "उद्या सांगतो," म्हणालो आणि घरी येऊन कोश उघडला.

ढाल म्हटली की तलवारीच्या जोडीची ढाल आपल्याला आठवते. पण मराठीत ढालेचा आणखी एक अर्थ होता, तो म्हणजे सैन्याचे मोठे निशाण. फौजेने कोणत्या वाटेने जायचे, तळ कुठे द्यायचा, हे त्या निशाणावरून कळे. ते ज्या काठीवर चढवीत ती ढालकाठी, आणि ते पाठीवर घेऊन सैन्याच्या पुढे चाले तो हत्ती म्हणजे ढालगज. मोल्सवर्थसाहेबांच्या १८५७ सालच्या कोशात हे शब्द सापडतात. ढालकाठीचा एक लाक्षणिक अर्थही तिथे आहे: ज्याच्या आधारावर घर उभे असते ते कर्ते माणूस.

आता त्या काळची लढाई डोळ्यांपुढे आणा. बिनतारी यंत्र नाही, फोन नाही. धुळीने आभाळ भरलेले, तोफांनी कान बधिर झालेले. अशा वेळी शिपायाला सेनापती दिसत नसे, दिसे ते निशाण. ते पुढे गेले की फौज पुढे जाई. ते खाली आले की हजारो माणसांचा धीर सुटे. म्हणून निशाणाच्या हत्तीवर शत्रूचा पहिला डोळा असायचा. बाकीच्यांना आडोसा घेता येई, ढालगजाला लपता येत नसे. सर्वांना दिसणे हेच त्याचे काम!

मंडळी, झेंड्याला आपल्या भाषेत किती नावे आहेत पाहा. ध्वज आणि पताका हे संस्कृत शब्द. जुन्या ग्रंथांत ध्वजाला महत्त्व त्याच्या चिन्हामुळे. अर्जुनाच्या रथावर मारुती, म्हणून तो कपिध्वज, विष्णू गरुडध्वज, शंकर वृषभध्वज. पताका म्हणजे फडफडणारे कापड. ती रणात होती, तशी आषाढीला वारकऱ्याच्या खांद्यावरही आहे. जोतिबाच्या चैत्री यात्रेत नाचवतात ती उंच सासनकाठी याच गोतावळ्यातली.

ध्वज या शब्दाचे प्राकृतात झय झाले. शिक्षकबंधूंनी ही गंमत मुलांना जरूर दाखवावी, कारण असे बदल आपल्या घरातच आहेत. संध्येची सांज झाली, मध्यगृहाचे माजघर झाले. शब्दही माणसांसारखे चालून चालून झिजतात.

जरीपटका हा शब्द दोन घरांतून आला. जर म्हणजे फारसीत सोने. पटका तर तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या वाडवडिलांनी डोक्याला बांधलेला असेल. जरीपटका हे मराठी राज्याचे लष्करी निशाण. ज्या सरदाराच्या हाती तो सोपवला, मोहिमेची मुखत्यारी त्याची. म्हणजे तो नुसता मान नव्हता, जोखीमही होती. नागपुरात या नावाची वस्तीच आहे.

निशाण हा शब्दही फारसी, आणि त्याचा मूळ अर्थ खूण. नेम धरायचा तो निशाणा. आठवण म्हणून ठेवायची ती निशाणी. ज्याला सही करता येत नसे त्याच्या कागदावर लिहीत, 'निशाणी डावा अंगठा'. पण बरं का, ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात रणवाद्यांच्या यादीत भेरीबरोबर 'निशाण' येते. तिथे ते वाद्य आहे, झेंडा नव्हे! तेव्हा जुना ग्रंथ वाचताना आजचा अर्थ घाईने लावू नये.

बावटा शब्द आपल्याला कानडी आणि तेलुगू शेजाऱ्यांच्या बोलीतही भेटतो. आमच्या परळ-लालबागच्या गिरणगावात कामगारांनी लाल बावटा खांद्यावर घेतला. १९४४ साली अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांनी कलापथक काढले, त्याचे नावही लाल बावटा. आणि कोकणातल्या श्रोत्यांना बंदरावरचा धोक्याचा तीन नंबरचा बावटा काही समजावून सांगायला नको. तो दिसला की होडी पाण्यात घालायची नाही.

१७५८ साली मराठी फौजा सिंधू नदीवरच्या अटकेपर्यंत पोचल्या. आज पोरगा परीक्षेत पहिला आला, की 'अटकेपार झेंडा लावला' असे आपण म्हणतो. लष्करात मानाच्या ध्वजाला आजही निशाण म्हणतात. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला भारतीय नौदलाला नवे निशाण मिळाले. त्यावरची अष्टकोनी आकृती शिवाजीमहाराजांच्या राजमुद्रेवरून घेतली आहे. हत्ती गेले, तोफा बदलल्या, पण खूण पुढे चालते आहे.

असो. दुसऱ्या दिवशी मी हे सारे भर वर्गात सांगितले. हसणे भर वर्गात झाले होते, तेव्हा उत्तरही भर वर्गातच द्यायला हवे होते. सगळे ऐकून ती मुलगी म्हणाली, "मग सर, काल तुम्ही मला शिवी दिलीत की शाबासकी?"

मी म्हणालो, "बाळ, मी दिली होती शिवीच. शब्द मात्र शाबासकीचा निघाला."

पुढे येणाऱ्या मुलीला मागे ढकलण्यासाठी आपण केव्हापासून हा शब्द वापरू लागलो, कोण जाणे! सैन्याच्या पुढे चालणाऱ्या हत्तीची थट्टा त्याच्या मागून चालणाऱ्यांनी करावी, यातलाच हा प्रकार. तुमच्या गावात, तुमच्या वर्गात अशी एखादी ढालगज असेलच. तिला पुन्हा त्या नावाने हाक मारायची वेळ आली, तर अर्थ ठाऊक ठेवून मारा. आणि तिने अर्थ विचारला, तर तोही सांगा.