बास माशांच्या स्पर्धा : पहिली पायरी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे अमेरिकेत स्थिरावली आहेत. तेथील तळ्यांवर बास माशांच्या स्पर्धा भरतात आणि त्यांत शिरावे कसे, असे तरुण मंडळी विचारतात. परक्या गावात आपली जागा कशी करावी, हे या सभागृहाला निराळे सांगावयास नको. म्हणूनच हा विषय आम्ही येथे मांडीत आहोत.

या स्पर्धांना आजचे रूप दिले ते रे स्कॉट या अलाबामातील विमा-विक्रेत्याने. जून १९६७ मध्ये आर्कान्सा राज्यातील बीव्हर लेकवर त्याने १०६ स्पर्धक जमविले. प्रवेशशुल्क होते १०० डॉलर. पुढच्याच वर्षी त्याने बास मासेमारांची राष्ट्रीय संस्था स्थापन केली.

नवशिक्याची पहिली समजूत अशी, की आधी महागडी बोट हवी. ती खरी नव्हे. पुष्कळ क्लबांत आणि काही स्पर्धांत बोटमालकाबरोबर दुसरा स्पर्धक मागच्या बाजूस बसतो. बोट कोठे न्यावी हे पुढचा ठरवितो. मागच्याने पाहावे, शिकावे आणि मिळेल त्या पाण्यात गळ टाकावा. दोन-तीन काठ्या, मोजकी कृत्रिम आमिषे, जीवरक्षक जाकीट आणि त्या राज्याचा मासेमारीचा परवाना, एवढी सामग्री आरंभास पुरते. जिवंत आमिषाला बहुतेक स्पर्धांत मनाई असते.

आमिषांपेक्षा पाणी ओळखणे महत्त्वाचे. वसंतात पाणी सुमारे १६ ते २० अंश सेल्सियस झाले की लार्जमाउथ बास अंडी घालण्यास उथळ काठाशी येतो. भर उन्हाळ्यात पहाटे काठाशी सापडणारा मासा दुपारी पुष्कळदा खोल पाणी, बुडालेले ओंडके किंवा धक्क्याची सावली धरतो. एकच तळे वर्षभर न्याहाळणारा नवखा दहा तळी धुंडाळणाऱ्याच्या पुढे जातो.

आता या खेळाचे मर्म. बहुधा उत्तम पाच माशांचे एकूण वजन धरतात आणि ते मासे जिवंत आणावे लागतात. आरंभीच्या काळी मेलेल्या माशांच्या माळा मिरविल्या जात. १९७२ पासून स्कॉटने मासा न मारण्याचा आग्रह धरला. बोटीत हवा खेळविलेल्या पाण्याची टाकी आली, मेलेल्या माशाबद्दल वजनात कपात होऊ लागली. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. म्हणून उन्हाळ्यात टाकीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. मासा ओल्या हातानेच धरावा; कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा रक्षक बुळबुळीत थर निघतो.

ताटातल्या माशावर प्रेम करणाऱ्या आम्हा कोकणच्या माणसांना पकडलेला मासा सोडणे चमत्कारिक वाटते. मात्र लोणावळ्याला टाटांच्या वळवण येथील केंद्रात महसीर माशाची पिले वाढवून पाण्यात सोडली जातात, हे आठवले की ही दृष्टी तितकी परकी राहत नाही.

बक्षिसाचा लोभ वाईट. २०२२ साली ओहायो राज्यात क्लीव्हलंड येथे एका स्पर्धेत वॉलाय जातीच्या माशांच्या पोटांतून शिशाचे गोळे निघाले. दोघा स्पर्धकांवर खटला झाला आणि पुढच्या वर्षी त्यांनी गुन्हा कबूल केला. तराजूवर माशाबरोबर माणूसही तोलला जातो, तो असा.

तेव्हा आपल्या तरुणांना आमचे सांगणे इतकेच : प्रथम जवळच्या क्लबात जा, दुसऱ्याच्या बोटीत अदबीने बसा, इंधनाचा वाटा न मागता द्या, हरलात तरी वजनाच्या वेळी शेवटपर्यंत थांबा. पहिल्या वर्षी बक्षीस मिळेलच असे नाही. पुढच्या वर्षी बोटीत बोलावणारा स्नेही मात्र मिळेल. परमुलखात तीच मोठी कमाई होय.