आजारातली सावड

आम्ही एका बचत गटाच्या बारा जणी. माईकपुढं एकच जण बसली असली तरी हे बोलणं सगळ्यांनी मिळून ठरवलंय, म्हणून आम्ही ‘आम्ही’ म्हणूनच बोलणार. आमच्यातल्या एकीला स्तनाचा कॅन्सर झाला. तिनं आम्हाला सांगून ठेवलंय, ‘माझं नाव घेऊ नका, बाकी काही लपवू नका.’ तेव्हा आज आपण तिला नुसतं मैत्रीण म्हणू.

गाठ तिच्या हाताला चार महिने आधी लागली होती. दुखत नव्हती, म्हणून गप्प बसली. ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळ जणींना उलटी वाटते, पण ही गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. न दुखणारी गाठ, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखं पाणी येणं, संत्र्याच्या सालीसारखी कातडी होणं, काखेत गाठ लागणं, यातलं काहीही दिसलं की दाखवायचं. तीस वर्षांच्या पुढच्या बायांची तपासणी उपकेंद्रातही होते, आशाताईंना विचारा.

आमच्या मैत्रिणीची गाठ मोठी होती, म्हणून डॉक्टरांनी आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन, म्हणजे आपल्याकडं ज्याला शेक म्हणतात तो, असं सांगितलं. केमोचे आठ डोस, दर एकवीस दिवसांनी एक. दवाखाना नव्वद किलोमीटर लांब. घरी नवरा, सासू, दहावीतली मुलगी, पाचवीतला मुलगा, दोन म्हशी आणि दोन एकर ज्वारी.

ती रडली नाही. तिनं पहिला प्रश्न विचारला, ‘धारा कोण काढणार?’

तिथं आमच्या डोक्यात उजेड पडला. आजारी माणसाला बघायला जायची आपल्याकडं रीत आहे. बिस्किटाचा पुडा घेऊन जायचं, ‘अगंबाई, कसं झालं गं’ म्हणून डोळे पुसायचे, आपल्या माहेरच्या कुणाला असंच झालं होतं आणि ती कशी गेली ते सांगायचं, आणि त्या बाईनं उठून केलेला चहा पिऊन घरी यायचं. आमच्या मैत्रिणीकडं पहिल्या आठवड्यात सतरा पुडे जमले होते. म्हशींना शेण-पाणी करायला मात्र कुणी आलं नव्हतं. मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्क आक्का म्हणाल्या, ‘बघायला जाणं बंद. सावडीला जायचं.’

सावड आपल्याला नवी नाही. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. मजुरी नाही आणि उपकारही नाही. हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं, कारण मैत्रीण मानी आहे. वर्गणी काढू म्हटल्यावर तिनं तोंड फिरवलं होतं. सावड म्हटल्यावर म्हणाली, ‘मग माझ्यावर किती दिवस चढले ते वहीत लिहून ठेवा.’ आम्ही लिहिले. गटाच्या वहीत मागच्या पानावर अजून आहेत.

एकवीस दिवसांचं चक्र आम्ही नर्सताईंकडून नीट समजून घेतलं आणि त्यावरच पाळ्या लावल्या. डोसनंतरचे तीन-चार दिवस मळमळ, उलट्या, अंगात त्राण नाही. तेव्हा दोघींनी धारा आणि म्हशी बघायच्या, दोघींनी डबा द्यायचा. दुसरा आठवडा सगळ्यात जपायचा. तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात आणि साधा जंतूही भारी पडतो. त्या आठवड्यात तिच्या घरी गर्दी नको, कच्ची कोशिंबीर नको, उकळून गार केलेलं पाणीच द्यायचं, शेणात तिचा हात नको. तिसऱ्या आठवड्यात ती बरीच उभी राहायची, भाकरी थापायची. तेव्हा आम्ही मुद्दाम हात आखडता घ्यायचो. काम हातात असलं की तिचा चेहरा बदलायचा.

पहिल्या डोसच्या दिवशीच घरी आल्यावर लघवी लाल झाली. सासूबाई घाबरून गेल्या. ते औषधच लाल रंगाचं होतं, एक-दोन दिवस तसं होतं. पण ताप ही वेगळी गोष्ट आहे. केमो चालू असलेल्या बाईला ताप 100.4 च्या वर गेला, की ती रात्र असो नाहीतर सण, दवाखान्यात फोन करायचा आणि निघायचं. घरी तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. आमच्या मैत्रिणीला दुसऱ्या डोसनंतर अकराव्या दिवशी रात्री ताप चढला. थर्मामीटर गटानं आधीच घेऊन ठेवला होता, जीपवाल्याचा नंबर दाराच्या मागं खडूनं लिहिला होता. पाच दिवस सलाईनमधून औषधं चालली आणि ती परत आली. थर्मामीटर घेताना एक-दोघी म्हणाल्या होत्या, हात लावून कळत नाही का ताप? नाही कळत.

केसांचं मात्र सोपं नव्हतं. शहरात म्हणे टोप घालतात. आपल्याकडं बाईच्या डोक्यावरचे केस गेले की लोकांच्या मनात काय येतं, ते आपण सगळ्या जाणतो. जुन्या काळी नवरा गेलेल्या बाईचं काय करायचे, ती आठवण अजून कुठंतरी आहेच. मैत्रिणीनं उलट्या सहन केल्या, पण उशीवर केसांचा पुंजका बघून ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः कात्री घेतली, उरलेले केस बारीक कापले, डोक्याला मऊ सुती रुमाल बांधला आणि कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावलं. म्हणाल्या, ‘केस औषधानं गेलेत, औषध संपलं की येतील.’ आणि खरंच आले. आधीपेक्षा कुरळे आले. सासू-सुनेचं त्याआधी फार पटत होतं असं नाही, हेही सांगून टाकतो.

हा आजार लागतो का, असं विचारणारे भेटलेच. कॅन्सर शिवण्यानं, एका ताटात जेवण्यानं, कपड्यानं लागत नाही. आम्ही वाद घातला नाही. हळदीकुंकवाला तिला मधोमध बसवलं आणि तिच्या हातचं वाण घेतलं.

खरी कसोटी आली चौथ्या डोसनंतर. ज्वारी काढणीला आली. मजूर मिळेना. नवरा एकटा, मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर, आणि तिनं तर शाळा सोडून रानात जायची तयारी केलेली. मैत्रीण म्हणाली, ‘एवढी सुगी उरकू दे, मग पाचवा डोस घेते. मधल्या महिन्यानं काय बिघडतंय?’

बिघडतं. डोस ठरलेल्या तारखांना असतात, ते गाठीला परत उभं राहायला सवड मिळू नये म्हणून. डॉक्टरांनी रक्त बघून तारीख पुढं ढकलली तर गोष्ट निराळी. आपण ज्वारीसाठी ढकलायची नाही. आम्हाला वाटतं, खेड्यातल्या कितीतरी बायांचे उपचार भीतीनं नाही, अशा कामांनीच अर्ध्यावर सुटत असतील. पण सुगी सगळ्यांची एकदमच येते. आमचीही रानं उभी होती. बैठकीत त्या दिवशी बराच वेळ कुणी बोललं नाही. एकीनं स्पष्ट सांगितलं, ‘माझं आधी काढणार, पोटाचा प्रश्न आहे.’ तिचं चूक नव्हतं. शेवटी असं ठरलं, की डोसची तारीख मंगळवारची, म्हणून सोम-मंगळ दोन दिवस तिची ज्वारी आणि बुधवारपासून आपापली. दहा जणी रानात, अकरावी तिच्याबरोबर दवाखान्यात. ती स्पष्ट बोलणारीही सोमवारी पहाटे सगळ्यांच्या आधी बांधावर होती. दोन दिवसांत दोन एकर काढली, पेंढ्या बांधल्या. मुलगी घरात अभ्यासाला बसली. संध्याकाळी मैत्रीण गाडीतून उतरली आणि मोकळं रान बघून तिला तिथंच उलटी झाली, म्हणून तिचं कौतुकाचं बोलणं राहूनच गेलं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटायचं. आपल्या भागात बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर हॉस्पिटल आहे, मुंबईत परळला टाटा हॉस्पिटल आहे, आणि तिथं जाणाऱ्या लोकांना उतरायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. रेल्वेत पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात सवलत मिळते, त्याचा फॉर्म दवाखान्यातून भरून घ्यावा लागतो. तरीपण जीप, जेवण, बाहेरच्या तपासण्या हा खर्च उरतोच. त्यासाठी गटातून तिला कर्ज दिलं आणि हप्ता उपचार संपेपर्यंत थांबवला. ते ठरावात लिहून घेतलं. तोंडी ठेवलं की पुढं कुरबूर होते.

ऑपरेशननंतर काखेतल्या गाठी काढल्या, की त्या बाजूच्या हाताला जन्मभर जपावं लागतं, नाहीतर हात सुजतो. त्या हाताला इंजेक्शन नाही, बीपी नाही, चाऱ्याचा भारा नाही. विळा, काटा, तवा यांपासूनही सांभाळायचं. पण हात बांधूनही ठेवायचा नाही. भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम सांगतात. आम्ही तिच्या ओसरीच्या भिंतीवर रोज कोळशानं खूण करायचो, आज कुठंवर पोचली त्याची. ब्लाउजमध्ये घालायला आमच्यातल्या शिवणकाम करणारीनं मऊ कापडाची गादी शिवून दिली, आत कापूस आणि वजनाला मूठभर बाजरी.

शेकाच्या वेळी आठवड्यातले पाच दिवस रोज जावं लागलं, चार आठवडे. म्हणून ती तिथंच खोली घेऊन राहिली, आणि आम्ही एकेक जण चार-चार दिवस सोबतीला. कातडीवर डॉक्टरांनी केलेल्या खुणा पुसायच्या नाहीत, तिथं हळद-तेल काही लावायचं नाही, एवढं सोबतिणीनं ध्यानात ठेवायचं. आणि कुणी झाडपाल्याचा काढा घेऊन आलं, तर तो डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात जाऊ द्यायचा नाही, आणणारा सख्खा मामा असला तरी.

आता तिची रोजची एक गोळी चालू आहे, ती निदान पाच वर्षं घ्यायची आहे. सध्या दुसरं वर्ष चाललंय. मुलगी दहावी पास होऊन अकरावीला गेली. वहीतले दिवस मैत्रीण फेडतेय. भारा उचलता येत नाही, म्हणून आमच्या लेकरांचे अभ्यास घेते आणि गटाचा हिशोब लिहिते. तिच्या हिशोबानं तिच्यावर अजून एकोणीस दिवस आहेत. पुढच्या तपासणीची तारीख सोमवारची आहे, एसटी सकाळी सहाची. सोबत जायची पाळी कुणाची, ते गुरुवारी बैठकीत ठरेल.