ओळ कोठे मोडावी?



संगणकावर निबंध लिहिताना ओळ कोठेही मोडली तरी अर्थ बिघडत नाही. प्रोग्रॅमचे तसे नाही. पायथॉन भाषेत '#' या खुणेपुढे माणसासाठी टीप लिहितात. ती लांबली, एडिटरने मोडून खाली नेली आणि तेथे '#' नसले, तर ते शब्द आज्ञा समजले जातात व प्रोग्रॅम अडतो. मुलगा बिचारा स्वतःला मठ्ठ समजतो! पालकहो, अशा वेळी त्याला रागावू नका. आधी एडिटर पाहायला सांगा.

एडिटर ओळ दोन तऱ्हांनी मोडतो. एक केवळ पडद्यावर दिसण्यापुरती. फाइल जशीच्या तशी राहते. दुसरी फाइलमध्ये खरोखर. विम या एडिटरात पहिलीला 'रॅप' म्हणतात. दुसरीची मर्यादा 'टेक्स्टविड्थ'ने ठरते. ती 72 ठेवावी. मग 'फॉरमॅटऑप्शन्स'मधून 'टी' हे अक्षर काढावे, 'सी' राहू द्यावे. आता फक्त टिपा मोडतात, नव्या ओळीला '#' आपोआप लागते आणि आज्ञांना धक्का लागत नाही.

टिपांना 72 व आज्ञांना 79 अक्षरे, हे पायथॉनच्या लेखन-नियमावलीतले आकडे. आयबीएमने 1928 साली काढलेल्या 80 रकान्यांच्या पंचकार्डाची ही सावली, असे मला वाटते.

निव्वळ निबंधाची फाइल असेल तर 'टी' खुशाल ठेवा.