जुन्या गाडीचे गंजलेले बोल्ट

जालना म्हणजे सळ्यांचं गाव. इथल्या रोलिंग मिलमधलं पोलाद दूरदूर जातं. तरी १९८५ साली बाजारात आलेल्या हिरो होंडा सीडी १०० सारख्या जुन्या गाडीचा इवलासा बोल्ट भल्याभल्या मिस्त्रींना घाम फोडतो.

इंजिनचं कव्हर ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. फटीत पावसाचं पाणी शिरलं की दोन धातूंत विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. मग साध्या स्क्रू ड्रायव्हरने बोल्टचं डोकं तेवढं गुळगुळीत होतं! जाणता मिस्त्री गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर थांबतो, कव्हर थोडं गरम करतो, मगच इम्पॅक्ट ड्रायव्हरवर हातोडा मारतो.

बोल्टांची लांबी सारखी नसते. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवलेला बरा.

नवे स्टेनलेस स्टीलचे एलन बोल्ट दिसतात झकास, पण ॲल्युमिनियमशी त्यांचंही वैर आहेच. आट्यांना अँटी-सीझ ग्रीस हवंच. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर जोर पुरतो.

कव्हरच्या चकाकीसाठी ४०० ते १२०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासह घासायचा, नंतर बफिंग. क्लचकडचं कव्हर काढण्याआधी मात्र ऑइल रिकामं करायचं आणि बसवताना गॅस्केट नवं टाकायचं.