शिस्त, शिक्षा आणि दाखला

वर्गात व्यत्यय आणणाऱ्या मुलाबाबत शाळेने काय करू नये, हे भारतातला कायदा स्वच्छ सांगतो. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा मिळाली, पण काढून टाकण्यावरची बंदी कायम राहिली. छडी, उठाबशा, अंगठे धरून उभे राहणे हे सारे कलम १७ मुळे बेकायदा ठरले. त्यांच्या जागी काय करावे, याबद्दल कायदा फारसे बोलत नाही. मुख्याध्यापकांनी विचार करायचा तो याच मोकळ्या जागेचा.

ही जागा सध्या बहुधा तीन उपायांनी भरली जाते: मुलाला वर्गाबाहेर उभे करणे, पालकांना वारंवार बोलावणे आणि अखेर ‘याचा दाखला घेऊन जा’ असे सुचवणे. तिसरा उपाय सर्वांत गंभीर, कारण तो दप्तरात उमटतच नाही. अर्जावर सही पालकाची असते, दिलेले कारण ‘घरगुती अडचण’ असते. शाळेने कोणाला काढल्याची नोंद कुठेच राहत नाही.

पहिला उपाय निरुपद्रवी वाटतो, पण अनेकदा तोच गोंधळ वाढवतो. मुलाचे वागणे काहीतरी मिळवण्यासाठी असते किंवा काहीतरी टाळण्यासाठी. प्रकट वाचनाची पाळी जवळ आली की शेजाऱ्याला चिमटा काढणारा चौथीतला मुलगा घ्यावा. त्याला बाहेर उभे केले की वाचनातून त्याची सुटका होते. शिक्षकाच्या लेखी ती शिक्षा, मुलाच्या लेखी बक्षीस. दुसऱ्या दिवशी चिमटा आणखी लवकर निघतो. त्याला अक्षरे जुळवताच येत नसतील, तर प्रश्न शिस्तीचा नसून वाचनाचा आहे. दुसरा एखादा मुलगा तोच चिमटा वर्गाला हसवण्यासाठी काढतो. त्याला मिळणारे प्रेक्षक काढून घ्यावे लागतात. स्वमग्न मूल वेळापत्रकातल्या अचानक बदलाने किंवा घंटेच्या कर्कश आवाजाने बिथरून हात उगारते. त्याला बदलाची आगाऊ सूचना लागते. खोडी एकच, उपाय तीन. म्हणून उपाय ठरवण्याआधी वर्गशिक्षकाने वहीत तीन गोष्टी टिपाव्यात: आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले, त्यानंतर त्याला काय मिळाले. ‘फार त्रास देतो’ ही नोंद नव्हे, तक्रार आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने (२०१६) २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली. त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखण्याची जबाबदारीही शिक्षणसंस्थांवर आहे. अतिचंचलता मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. जागेवर बसू न शकणाऱ्या मुलाकडे प्रमाणपत्र नसण्याची शक्यता यामुळे मोठी असते. शाळेची मदत प्रमाणपत्रावर अवलंबून ठेवली, तर ज्याला ती सर्वाधिक हवी तोच वगळला जाईल.

विशेष गरजा असलेल्या मुलालाही नियम असावेत. ते पाळायला शिकवण्याची वाट वेगळी असते. भान सुटलेल्या मुलाला त्या क्षणी उपदेश ऐकू जात नाही. शांत जागा, ओळखीचा एकच मोठा माणूस आणि कमीत कमी शब्द एवढे पुरते, बोलणे नंतर. त्याने कोणाला मारले असेल, तर मार खाल्लेल्या मुलाची सुरक्षितता आधी. दोघांना वेगळे करणे योग्य, कोंडून किंवा बांधून ठेवणे नव्हे. कोणाची वही फाडली असेल, तर ती त्याने पुन्हा लिहून द्यावी, जमेल तेवढी. इतर पालकांची तक्रारही खरी असते. समावेशनाच्या उत्साहात तिला उत्तर द्यायचे राहून जाते, आणि मग तेच पालक दाखल्याची मागणी करतात.

हे सारे एकट्या वर्गशिक्षकाकडून होणार नाही. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर १० मुलांमागे एक आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण केंद्र सरकारने २०२२ मध्ये ठरवले. गट साधन केंद्रातून अधूनमधून येणारा विशेष शिक्षक हे त्याचे उत्तर नव्हे. तो येईल तेव्हा निदान नोंदींची वही तयार असावी.

आठवीनंतर कलम १६ चे संरक्षण संपते. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. नववीतल्या बाकीच्यांसाठी शाळेचा स्वतःचा नियम महत्त्वाचा ठरतो. तो लेखी असावा. वर्गशिक्षकाच्या नोंदी, विशेष शिक्षकाचे मत आणि मुलाचे व पालकांचे म्हणणे समोर ठेवल्याशिवाय दाखल्याची गोष्ट काढू नये. ती काढली, तर कोणी आणि का, हे मुख्याध्यापकाच्या सहीने इतिवृत्तात लिहिले जावे, आणि त्याची प्रत पालकांना मिळावी.